मदत हवी आहे: सामाईक सातबाऱ्यावर टॉवरचा मोबदला कुणाच्या नावे काढायचा?

२२० केव्ही वीजलाइनचा एक टॉवर सामाईक गटात येतोय. सातबाऱ्यावर सात खातेदार, वाटणी तोंडी. टॉवरचे पाय धाकट्या भावाच्या वहिवाटीत, डाळिंबाच्या ओळींमध्ये. बाकीचे म्हणतात, पैसे सारखे वाटा. दोन बहिणी सासरी, त्यांच्या सह्या अजून नाहीत.

मोजणीवर वाद नाही. पायांमधलं अंतर जमिनीलगत ९ मीटर, केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चहूबाजूंनी १ मीटर धरून ११ × ११, म्हणजे १२१ चौ.मी., साधारण १.२ गुंठे. त्याचा मोबदला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याचा ३० टक्के. (नुसते ९ × ९ धरून पंचनामा करणारे अजून भेटतात. शेतकऱ्याच्या लक्षात आलं की पुढची सगळी गावं अडतात.)

जमिनीची मालकी जात नाही, म्हणून मोबदला खातेदारांना हिश्श्याने आणि पीक-झाडांची भरपाई फक्त कसणाऱ्याला, असे दोन वेगळे पंचनामे करायचा विचार आहे. पाया, उभारणी आणि तार ओढणी अशा तिन्ही वेळी पिकाचं नुकसान वेगळं लिहायचं.

असं कुणी केलंय का? बहिणींचा हिस्सा राखून बाकीच्यांना देता येतो का, की सगळ्यांचं संमतीपत्र येईपर्यंत थांबायचं? टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६ खाली (काम अडवल्यास ते करू देण्याचा आदेश मिळवायला) जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणं शक्यतो टाळायचंय. पोलीस बंदोबस्तात पाया होतो, पण तार ओढताना तेच शेत पुन्हा आडवं येतं. संमतीपत्राचा वापरलेला मसुदा असल्यास कृपया द्या.