मदत हवी आहे: इंग्लंडमधले घर भाड्याने द्यायचे आहे, पण ईपीसीत ‘एफ’ श्रेणी आली

नमस्कार मंडळी,

लेस्टरमध्ये आमचे एक जुने टेरेस घर आहे. इथे टेरेस म्हणजे गच्ची नव्हे, तर भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या घरांची रांग. दहा वर्षांची मुदत संपल्यामुळे ऊर्जा कार्यक्षमता प्रमाणपत्र, म्हणजेच ईपीसी, नव्याने काढले, तर 35 गुण मिळून घर ‘एफ’मध्ये गेले (‘ए’ सर्वांत चांगली श्रेणी, ‘जी’ सर्वांत वाईट). ‘ई’साठी किमान 39 लागतात आणि 1 एप्रिल 2020 पासून चालू भाडेकरारांनाही ‘ई’ची अट लागू असल्यामुळे, नियमातून सूट असल्याची रीतसर नोंद केल्याशिवाय हे घर भाड्याने देता येत नाही. दंड 5,000 पौंडांपर्यंत होऊ शकतो.

माझी अडचण माळ्याची आहे. 2019 मध्ये मी तिथे घरातली ऊब टिकवणारी 270 मिलिमीटर जाडीची काचलोकर (ग्लास वूल) अंथरून घेतली आणि सामान ठेवण्यासाठी वर फळ्या ठोकल्या. तपासनिसाने शिडीवरून टॉर्च मारली, त्याला फळ्याच दिसल्या, आणि खालचे काही दिसत नाही म्हणून त्याने थर किती असेल याचा घराच्या वयावरून अंदाज धरला. पावती आहे, पण कारागिराने तिच्यावर ‘माळ्याचे काम’ एवढेच लिहिले आहे. जाडीचा उल्लेख नाही.

दोन-तीन फळ्या उचकटून त्याच तपासनिसाला पुन्हा बोलावले, तर तो प्रत्यक्ष मोजून नवे प्रमाणपत्र नोंदवू शकेल का, की त्यासाठी पुन्हा पूर्ण शुल्क भरून सगळे घर दाखवावे लागते? हे कोणी केले असल्यास अनुभव सांगावा.

दुसरा प्रश्न खर्चाचा. घरमालकाने करायच्या सुधारणांची मर्यादा व्हॅटसह 3,500 पौंड असून 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा खर्च तीत धरता येतो, असे मी वाचले आहे. मग अशा मोघम पावतीवर 2019 चा खर्च मान्य होतो का? पाच वर्षांची सूट घेऊन मोकळे होणे मला पटत नाही, कारण थंडीतले बिल शेवटी भाडेकरूच भरणार.

येणारे दांपत्य ओळखीतले, मराठीच आहे. ‘ओळखीत कोण तपासतो?’ असा सल्ला दोघांनी आधीच दिला आहे, तो कृपया नको. त्यांना पुढच्या महिन्यात राहायला यायचे आहे, त्यामुळे फळ्या या शनिवारीच काढाव्यात की आधी तपासनिसाशी बोलावे, एवढे तरी लवकर कळवावे.