चिअरलीडर सोडून बाकीच्या

कुणी कुणी म्हणतं की अमेरिकन फुटबॉलमध्ये बायका फक्त चिअरलीडर म्हणून दिसतात. आता तसं राहिलेलं नाही. सारा थॉमस २०१५ साली एनएफएलची, म्हणजे या खेळाच्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगची, पूर्णवेळ पंच झाली, फेब्रुवारी २०२१च्या सुपर बोलमध्येही (लीगच्या अंतिम सामन्यात) ती मैदानावर होती. तो सामना जिंकणाऱ्या टॅम्पा बे संघाच्या प्रशिक्षकांत लोरी लोकस्ट आणि मराल जावादीफार या दोघी होत्या.

खेळाडू म्हणून मात्र एनएफएलच्या सामन्यात अजून एकही बाई उतरलेली नाही. जेन वेल्टर २०१४ला पुरुषांच्या संघातून रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारी खेळाडू) म्हणून खेळली खरी, पण ती छोटी इनडोअर लीग. आणि बायकांच्या स्वतःच्या लीगमध्ये? पगार सोडाच, बऱ्याच जणी पदरचे पैसे भरून खेळतात! मला तर सुपर बोलपेक्षा याचंच जास्त नवल वाटतं.