स्ट्रॅटोकॅस्टरचा ट्रेमोलो : तरंगता ठेवू की बसवून टाकू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार आहे, सेकंडहँड घेतलेली. ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज हलवून स्वर वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा, दांडा दाबून सोडला की तिसरी तार, म्हणजे जी, हमखास चढी होते. ट्यून करताना नटपाशी (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) बारीक 'टिक' असा आवाज येतो, म्हणून तार खाचेत अडकत असावी असा माझा अंदाज. पेन्सिलीचं ग्रॅफाइट लावलं, थोडा फरक पडला.

ब्रिज (बॉडीवरचा, तारा ज्यावर टेकतात तो भाग) सध्या तरंगता आहे, म्हणजे बॉडीला न टेकता तारा आणि मागच्या स्प्रिंगा यांच्या ताणावर तोललेला. त्यामुळे एक तार बेंड केली, म्हणजे बोटाने बाजूला ओढून स्वर चढवला, की बाकीच्या उतरतात. ओळखीचे वादक सांगतात, मागच्या स्प्रिंगा आवळ आणि ब्रिज बॉडीला टेकवून टाक. पण मन होत नाही. लिओ फेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली हे मॉडेल आणलं तेव्हा तीन पिकअप (तारांची कंपनं टिपणारे भाग) आणि अंगाला नीट बसणारी गोलाईदार बॉडी यांच्याइतकाच हा ट्रेमोलो तिची ओळख होता. स्वर खाली नेता येतो तसा वरही चढवता येतो. ब्रिज टेकवला की वर चढवणं संपलं, आणि मला तेच फार आवडतं.

तर विचारायचं असं: आधी नटच्या खाचा नीट करून घ्याव्यात, की थेट नवा नट बसवावा? तरंगता ब्रिज ठेवूनही ट्यूनिंग टिकवणाऱ्यांनी किती स्प्रिंगा ठेवल्यात, तारा कोणत्या जाडीच्या? आणि पुण्यात हे काम हळुवार हाताने करणारं कुणी आहे का?