विषय: भाचीचं इंजिनिअरिंग, बेळगाव – कटऑफ सोडून काय बघायचं?

प्रेषक: शहापूरची लेक
मंडळी, नमस्कार. भाचीची केसीईटीची, म्हणजे कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेची, रँक आलीय. घरात एकच जप: ज्याचा कटऑफ वर, ते कॉलेज चांगलं. दादा म्हणतो, "सगळे तिकडंच पळायलेत, म्हणजे असंल की!" शिकवणं कसं आहे ते ओळखायचं कसं?

प्रेषक: अनगोळकर काका
ताई, कटऑफवरनं मागणी कळते, शिकवणं नव्हे. अमेरिकेतल्या कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या यूएस न्यूजनं 2018 सालीच आपल्या क्रमवारीतून प्रवेशाचं प्रमाण, म्हणजे अर्ज केलेल्यांपैकी किती जणांना घेतलं ते, काढून टाकलं. इथले आईबाप अजून तेच घोकतात.

आधी एवढं विचारा: कॉलेज व्हीटीयूला, म्हणजे कर्नाटकाच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला, नुसतं संलग्न आहे की ऑटोनॉमस? संलग्न असेल तर पेपर विद्यापीठाचा, मच्छेपासून मंगळूरपर्यंत एकच. निकालाची तुलना तरी होते. ऑटोनॉमस कॉलेज पेपर स्वतःच काढतं, डिग्री मात्र व्हीटीयूचीच. तिथल्या निकालाच्या फ्लेक्सला भुलू नका. जुने पेपर मिळवून वाचा. 'व्याख्या लिहा, आकृती काढा' एवढ्यावर पास होता येत असेल, तर नोट्स पाठ करा नि सुटा. सर्किट देऊन 'हे चालत नाही, का?' असं विचारलेलं दिसलं, तर तिथं कुणीतरी जीव लावून शिकवतंय.

कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकचा ग्रेड अख्ख्या संस्थेचा. एनबीएची मान्यता ब्रँचवार असते, तेव्हा तिच्या ब्रँचला आहे का आणि मुदत कधी संपते, ते बघा. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत 10 टक्के गुण 'परसेप्शन'चे, म्हणजे नाव आहे म्हणून नाव!

प्रेषक: शहापूरची लेक
काका, दादाचं कापडाचं दुकान. तो पेपर वाचून काय कळणार हो?

प्रेषक: अनगोळकर काका
मग तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठायला सांगा. लॅबमध्ये एका सेटअपवर किती जणी? प्रयोग खरंच होतो की मागच्या बॅचची रीडिंग उतरवतात? गेल्या वर्षीचे सर यंदा आहेत का? शिक्षक दरसाल बदलत असतील तर बिल्डिंग कितीही चकचकीत असो, मी मुलगी पाठवणार नाही.

प्रेषक: खानापूरकर
कोल्हापूर-सांगलीही बघा की. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्राच्या प्रवेशात 'टाइप ई' नावाचा वेगळा गट आहे. गाव वादग्रस्त सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन्ही दाखले लागतात. तिकडची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, दिलीय का तिनं?

प्रेषक: शहापूरची लेक
दिलीय. दाखल्यांचं आजच दादाला सांगते. त्या मुलींना मात्र भाचीच भेटेल. दादा गेला तर फी विचारून परत येईल.