विषय: गुरुवारी ड्रायवॉल, इन्स्पेक्टर तातडीने हवा

निखिल (सेलिना, टेक्सास):
मंडळी, आमच्या नव्या घराचं फ्रेमिंग (लाकडी सांगाडा), वायरिंग, पाइप सगळं झालं आणि काल साइटवरचा सुपर, म्हणजे बिल्डरचा सुपरवायझर, सहज म्हणाला, गुरुवारी ड्रायवॉल, म्हणजे भिंती बंद करणारे जिप्समचे बोर्ड, चढणार. त्याआधी घर तपासायला अमोलने सुचवलेला इन्स्पेक्टर मी ठरवून ठेवला होता, पण त्याच्याकडे १० लाख डॉलरच्या जनरल लायबिलिटी विम्याचं (कामात कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाईचा) सर्टिफिकेट नाही, म्हणून बिल्डर त्याला आत सोडेना. बुधवारपर्यंत येणारा, सर्टिफिकेटवाला कुणी आहे का? बायको म्हणते सिटीचा माणूस बघून गेलाय, मग पुरे की.

सुलभा:
वहिनींना सांग, सिटीचा माणूस कोडपुरतं बघतो, आपल्यासाठी नाही. आमच्याकडे आला तेव्हा गाडी चालूच होती बाहेर! आमच्या इन्स्पेक्टरने बाथरूमच्या भिंतीत दोन ठिकाणी पाइपवर लोखंडी पट्टीच नाही हे दाखवलं. आरशासाठी खिळा ठोकला असता की थेट पाइपात. भिंत बंद झाल्यावर हे कुणाच्या बापाला दिसणार नाही.

विनायककाका:
आम्ही १९९८ साली प्लेनोत नवं घर घेतलं. कुणी इन्स्पेक्टर नाही, काही नाही. घर उभं आहे. आजकाल प्रत्येक गोष्टीला माणूस लागतो.

सुलभा:
काका, गेल्या वर्षी खचलेल्या फाउंडेशनखाली पिअर (आधाराचे खांब) घातले ते कशासाठी? गणपती आमच्या गराजमध्ये बसवावा लागला होता.

विनायककाका:
ती इथल्या चिकणमातीची करणी. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. इन्स्पेक्टर काय माती बदलणार होता? आणि गराज तुमचं मोठं म्हणून तिथे बसवला.

मंजिरी, सूत्रचालक:
धंदेवाल्यांची नावं आणि फोन नंबर मंडळाच्या मेल-लिस्टवर टाकू नयेत. निखिलला खाजगी मेल करा.

प्रशांत:
मंजिरीताई, दिवाळीत चकल्यांचे दरपत्रक कोणत्या नियमात बसतं?

अमोल:
निखिल, माझ्या माणसाचं लायसन्स पक्कं आहे. टेक्सासचा नियम प्रोफेशनल लायबिलिटीचा, म्हणजे तपासणीतल्या चुकांच्या विम्याचा, तोही किमान १ लाख डॉलरचा. बिल्डर मागतोय ती जनरल लायबिलिटी, ती वेगळी. नवीन माणूस बघताना लायसन्स नंबर टेक्सास रिअल इस्टेट कमिशनच्या साइटवर टाकून बघ. नावापुढे अप्रेंटिस (शिकाऊ) असेल तर सोबत त्याचा सीनियर हवाच. नमुन्याचा जुना रिपोर्ट माग. नुसत्या टिकमार्कचा असेल तर सोड. फोटो हवेत. आणि रिअल्टरने (घराच्या दलालाने) सुचवलेला घेऊ नको, त्याला सौदा मोडायचा नसतो.

प्रशांत:
हे जरा जास्तच होतंय. मी बारा वर्षं या धंद्यात आहे, गिऱ्हाइकाला कायम तीन नावं देतो. मंडळाच्या पिकनिकला बर्फ कोण आणतो तेही आठवा.

अमोल:
तुझ्याबद्दल नव्हतं रे. बर्फ उत्तम असतो.

सुलभा:
बर्फावरून आठवलं, माझा निळा कूलर कुणाकडे आहे? आणि निखिल, अकराव्या महिन्यात पुन्हा एकदा बोलाव. बारीकसारीक कामाची वॉरंटी बहुतेक ठिकाणी एकच वर्ष असते. वीट-भिंतीच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, आमची सिमेंटने बुजलेली तेव्हाच कळली.

निखिल:
मिळाला! मंजिरीताईंनी खाजगीत दिला, नियमात बसवून. सर्टिफिकेट होतं. बुधवारी सकाळी सातला आला. गराजवरच्या ट्रसचा (छत पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याचा) एक तुकडा एसीवाल्याने डक्टसाठी (हवेच्या नळीसाठी) चक्क करवतीने कापलाय. सुपर आधी म्हणाला "असं करतात". इन्स्पेक्टरने फोटो काढून इंजिनियरच्या दुरुस्तीचं पत्र मागितल्यावर गप्प झाला. ड्रायवॉल आता पुढच्या सोमवारी. बायकोने रिपोर्ट दोनदा वाचला, आता अकराव्या महिन्याची तारीख तिनेच कॅलेंडरवर टाकलीय.

सुलभाताई, कूलर आमच्याकडे आहे. आत कुणाचं तरी पापलेट होतं. फेकलं.