मदत हवी आहे: डोणज्याच्या घरातली लाकडाची शेगडी धूर फार करते, ऊब कमी देते

मंडळी, नमस्कार. जरा लांबड लावते, पण तपशील दिले नाहीत तर तुम्ही ते विचारणारच.

आईबाबा चार वर्षांपूर्वी सहकारनगरचा फ्लॅट सोडून सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याला राहायला गेले. घर बैठं, दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, आतून छत नाही. उन्हाळ्यात स्वर्ग. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे घरात १२-१३ अंश असतात (भिंतीवरच्या तापमापकात बघून सांगतेय). बाबा ७६ वर्षांचे, थंडीत गुडघे धरतात. वीज नेमकी पहाटे जाते, त्यामुळे हीटरवर भिस्त नाही.

मागे स्पितीला गेले होते. काझात प्रत्येक घरात मधोमध पत्र्याची लाकडाची शेगडी. तिकडे तिला तंदूर म्हणतात, काश्मीरकडे बुखारी. सगळं कुटुंब तिच्याभोवती. ते डोक्यात बसलं. परत आल्यावर फोटो दाखवून एका फॅब्रिकेटरकडून तशीच करून घेतली. ५ मिमी पत्रा, आतून दीड फूट बाय दोन फूट, खाली जाळी, पुढे दार, दाराला हवेसाठी सरकती झडप. वर ४ इंची जीआय (जस्त चढवलेला) पाइप. तो दोन एल्बो घेऊन खिडकीवरच्या झरोक्यातून बाहेर काढलाय आणि वळचणीखालीच संपवलाय, कारण कौलं फोडायला बाबा तयार नाहीत. खोली १२ बाय १४, बाबांचीच झोपायची.

आता रडगाणं. दार उघडलं की धुराचा लोट तोंडावर. पहिला अर्धा तास खोलीची भट्टी होते, आम्ही घामाघूम, म्हणून झडप जवळजवळ बंद करतो. वाटतं रात्रभर धुमसत राहील. पहाटे बघावं तर विझलेली, आत काळे अर्धवट ओंडके. पाइपच्या जोडांतून काळा चिकट रस गळतो, डांबरासारखा वास, फरशीवरचे डाग निघत नाहीत. एका रात्रीत १५ किलो लाकूड जातं. त्यातलं निम्मं या पावसाळ्यात पडलेल्या आंब्याचं, निम्मं वखारीतली बाभूळ. शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "तुमच्याकडे रोजच होळी का गं?"

लाकूड वाईट, की शेगडी, की पाइप? कुठून सुरुवात करू?

गोधडीबहाद्दर

पुण्यात बुखारी! आता शनिवारवाड्यावर बर्फ पडायचीच वाट बघायची. ताई, दोन गोधड्या, एक कानटोपी, खर्च हजाराच्या आत. धूर शून्य.

डोणजेकरीण (धागाकर्ती)

गोधड्या आहेत हो. गोधडीतून उठून न्हाणीघरापर्यंत जायचं असतं ना माणसाला.

भट्टीवाला

भोसरीत फाउंड्रीत हयात गेली, त्यामुळे धागा दिसल्यावर हात शिवशिवले. पण सल्ल्याआधी एक प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत शेगडी पेटवू नका: पाइप झरोक्यातून जातो तिथे लाकडी चौकट, वासा किंवा रीप किती जवळ आहे?

डोणजेकरीण

बाबांना फोन करून मोजायला लावलं. चौकट पाइपपासून चार बोटं. वासा साधारण एक वीत.

भट्टीवाला

मग तुमचा पहिला प्रश्न धुराचा नाहीच, आगीचा आहे. एकेरी पत्र्याच्या पाइपपासून जळणारी कुठलीही वस्तू किमान १८ इंच लांब हवी. जो काळा रस गळतोय तो न जळलेला धूर आहे, थंड पाइपात थिजलेला. तो वाळून आत पुटासारखा बसतो आणि एखाद्या रात्री आग मोठी झाली की तोच पेटतो. पाइपाच्या आत हजार अंशांच्या घरात आग, आणि शेजारी चार बोटांवर जुनं सागवान. पाइप उतरवा, मग बोलू.

आता मूळ दुखणं. तुमची शेगडी स्पितीची आहे आणि थंडी पुण्याची. तिकडे बाहेर उणे २० असतं, तिथे एवढं पोट लागतं. तुम्हाला १२-१३ चे १९-२० करायचेत. त्या पोटात तुम्ही तासाला २ किलो सुकं लाकूड जरी जाळलंत, तरी किलोमागे साधारण ४ युनिट धरून ८ युनिट उष्णता होते. निम्म्याहून थोडी जास्त खोलीला मिळाली तरी ते दोन किलोवॅटचे दोन हीटर एकदम लावल्यासारखं आहे. १२ बाय १४ च्या खोलीत माणूस घामाघूम होणारच. मग तुम्ही झडप बंद करता. तिथेच सगळं बिघडतं.

लाकडाचा तीनचतुर्थांशापेक्षा जास्त भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो. ज्वाळा दिसते ती त्या वायूची. त्याला पेटायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता आणि वरून भरपूर हवा लागते. झडप बंद केली की लाकूड तापत राहतं, वायू सुटत राहतो, पण पेटत नाही. म्हणजे जळण विकत घेऊन त्याचं डांबर करून पाइपात भरताय, उरलेलं काकूंकडे पाठवताय. 'रात्रभर धुमसत राहील' हा विचारच सोडा. लहान आग, पण रसरशीत, उघड्या हवेत. दोन-तीन तास जाळायची आणि विझू द्यायची.

शेगडी फेकू नका. आत तळाला आणि तिन्ही बाजूंना फायरब्रिक (भट्टीत लावतात त्या आग सोसणाऱ्या विटा) लावा, पोट निम्मं होईल. विटा तापल्या की आतली आग गरम राहते, आणि विझल्यावर त्याच विटा तासभर ऊब सोडतात. दाराच्या वरच्या भागात ओळीने बारीक भोकं पाडून हवा ज्वाळेच्या उंचीवर आत घ्या. सगळी हवा जाळीखालून आली की लाकूड भसाभसा जळतं आणि वायू तसाच निसटतो.

पाइप ४ इंची नको, ६ इंची. दोन इंचांत काय होतं म्हणाल, तर आतली जागा सव्वादोनपट होते. जीआय तर मुळीच नको. तापल्यावर त्याचं जस्त सुटतं आणि त्या धुराने ताप भरतो, कुठल्याही वेल्डरला विचारा. काळ्या पत्र्याचा किंवा स्टेनलेसचा घ्या. एल्बो न घेता सरळ वर, जास्तीत जास्त लांबी घराच्या आत, म्हणजे पाइप गरम राहील आणि धूर स्वतःच वर ओढला जाईल. कौलातून तीन फूट वर काढा, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, आढं, पाण्याची टाकी, त्याच्याही दोन फूट वर. वासे-रिपांमधून जातो तेवढा भाग दुहेरी, मधे सिरॅमिक वूल भरलेला. आणि वरचा पाइप खालच्याच्या आत बसवा, उलटं नको. मग चुकून रस धरला तरी आतल्या आत खाली येऊन जळतो. तुमच्या फॅब्रिकेटरने पावसाच्या पन्हळीसारखं, पाणी बाहेरून आत येऊ नये असं जोडलंय, म्हणून फरशी काळी झाली.

बाबांना सांगा, कौलं फोडायची नसतात, काढायची असतात. तीन-चार काढून तिथे पत्रा घडी घालून बसवायचा. उद्या नको वाटलं तर कौलं परत जागेवर.

तांबटआळी

भट्टीवाले काकांना +१. मी लाकडाचं बोलतो.

आमचं लहानपण कसब्यात, तांबट आळीच्या ठोक्यात गेलं. घरी तांब्याचा बंब. मधे उभी नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. त्यात आजी काय घालायची? खोक्याच्या फळ्यांचे तुकडे, करवंट्या, चिपाड. हाताच्या बोटाएवढं जाड, कडकडीत वाळलेलं, थोडं थोडं. मोठा ओंडका बंबात कधी गेला नाही. पाच मिनिटांनी धुराड्यातून धूर दिसला तर आजी ओरडायची, "ओलं कोणी घातलं रे?"

तुमचा आंबा या पावसाळ्यात पडला, म्हणजे अजून ओलाच. समजा त्यात ४० टक्के पाणी आहे. १५ किलोतला निम्मा आंबा धरला तर साडेसात किलोत ३ किलो. तीन लिटर पाणी उकळून वाफ करून हवेत सोडायला दोन युनिटांहून जास्त उष्णता लागते, ती सगळी तुमच्या आगीतून जाते. लाकडात २० टक्क्यांच्या खाली पाणी हवं. दोन टोचण्यांचं ओल मोजायचं यंत्र ऑनलाइन मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या भागावर टोचायचं, बाहेरून टोचलं तर फसाल.

फोडा. ओंडका सालीसकट ठेवला तर दोन वर्षं वाळत नाही. मनगटाएवढे फाटे करा, जमिनीपासून वर, उन्हात, वारा आरपार जाईल असे रचा. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी आहे. जानेवारीत फोडलेलं मेअखेर तयार, आणि मृगाच्या आधी आत. गावाकडे सरपण मृगाच्या आधी घरात जातं, ते उगाच नाही. तोवर बाभूळच जाळा, तीही मोजून. पेटवताना जाड खाली, बारीक वर, आणि काडी सगळ्यात वरच्या चिपाडांना. आग वरून खाली उतरते, खालच्या लाकडाचा धूर ज्वाळेतून जातो आणि जळतो. पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

रंग दिलेलं लाकूड, प्लाय, जुन्या बाजारातल्या पॉलिशच्या खुर्च्या घालू नका. त्याचा धूर विषारी.

अवांतर: बंब अजूनही मिळतात. सकाळच्या पाण्यासाठी एक घ्याच. आपल्या थंडीला जाळाचा खरा उपयोग पाण्याला आहे, खोलीला नंतर.

छातीवर_हात

छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. बाबांना दमा, जुना खोकला, इन्हेलर असं काही?

डोणजेकरीण

हो, पंप आहे. हिवाळ्यात दिवसातून दोनदा.

छातीवर_हात

मग ही शेगडी झोपायच्या खोलीत कितीही सुधारलीत तरी नको. दार उघडताना थोडा धूर येतोच, आणि दम्याच्या माणसाला तो थोडाही पुष्कळ होतो. माजघरात हलवा, संध्याकाळी लावा, मधलं दार उघडं ठेवा, आणि बाबा झोपायच्या आत ती पूर्ण विझलेली असू दे. दार उघडायचं ते ज्वाळा बसून निखारे झाल्यावर, आधी बोटभर, मग सावकाश.

कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म आजच मागवा. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, सगळ्यांना एकदम झोप येणं, असं झालं तर आधी बाहेर, मग विचार. आणि धूर नको म्हणून कोणी निखाऱ्यांची घमेली खोलीत ठेवायला सुचवेल, तर त्यांना हात जोडा. निखाऱ्याला धूर नसतो म्हणूनच तो फसवतो.

तांबटआळी

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. पुण्याच्या आरती संस्थेने, आनंद कर्वे यांच्या, उसाच्या पाचटाचा कोळसा करायची पद्धत बसवली, त्याला २००२ चा ॲशडेन पुरस्कार (शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी देतात तो) मिळाला. त्या कोळशाच्या कांड्या स्वयंपाकाला उत्तम, धूर नाही. पण बंद खोलीत ऊब म्हणून त्याही नकोत, कारण हाच वायू.

गोधडीबहाद्दर

एक विचारू का, गंमत नाही. कौलांतून एवढी फट असताना तापवताय कोणाला? सिंहगडाला?

भट्टीवाला

बहाद्दर, पहिल्यांदाच कामाचं बोललात. बाबांच्या खोलीपुरतं तरी छत करा. सिमेंटचे फायबर बोर्ड, वर रॉकवूल. चटई किंवा जुन्या साड्यांचं छत करू नका, पाइप लांब असला तरी. फक्त माजघरात शेगडीजवळ हवेला एक वाट ठेवा, घर डब्यासारखं बंद केलंत तर धूर परत आत ओढला जाईल.

डोणजेकरीण

तीन आठवड्यांनी येतेय, क्षमस्व.

पाइप त्याच दिवशी उतरवला. आतून बोटभर जाडीचं काळं चकाकतं पूट निघालं, आणि झरोक्याच्या चौकटीची आतली कड तपकिरी पडली होती. बाबा ती बघून गप्प झाले. कौलं काढायला स्वतःच माणूस बोलावला.

शेगडी माजघरात आली. फायरब्रिक बसल्या, पोट निम्म्याहून कमी झालं. ६ इंची काळा पाइप सरळ वर. यंत्र आणलं: आंबा ३८, वखारीची बाभूळ २४, आणि गोठ्याच्या माळ्यावर तीन वर्षं पडलेले बाभळीचे वासे १३. सध्या तेच फोडून जाळतोय. संध्याकाळी सहा ते नऊ, सगळं मिळून ५ किलो. दहा मिनिटांनी बाहेर जाऊन बघितलं तर पाइपच्या तोंडावर नुसती हवा थरथरताना दिसते, धूर नाही. काकूंनी विचारलं, "बंद केलीत का?"

माजघर २१ पर्यंत जातं. बाबांची खोली दार उघडं ठेवून १७, पहाटे १५. छताचं काम अजून व्हायचंय, सुताराची तारीख मिळत नाही. म्हणजे फार मोठा चमत्कार नाही, पण बाबा पहाटे उठून स्वतः चहा ठेवतात. गोधडीबहाद्दर, एक जास्तीची गोधडी घेतली, कळवते.

आता एक प्रश्न उरला. राख खूप साठलीय. आई म्हणते परसातल्या आळ्यांत घालू.

तांबटआळी

चाळून, मूठमूठ, सगळीकडे पसरून. एकाच झाडाला ढीग नको, जमीन खारवते. आणि आधी दोन-तीन दिवस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. वरून गार दिसते पण आत निखारा जिवंत असतो. प्लास्टिकच्या बादलीत तर चुकूनही नको.

डोणजेकरीण

बादलीतच होती. आत्ता फोन करून हलवली.

आंब्याचं म्हणाल तर सगळा फोडून रचलाय, दक्षिणेच्या भिंतीला. एका फाट्याला आईने लाल दोरा बांधलाय आणि दर रविवारी ताणकाट्याला लावून वही करते. ४ किलो २००, ३ किलो ९५०, ३ किलो ८१०. उतरायचा थांबला की धागा वर काढते.