सोसायटी पाडायची, राडारोडा रिसायकल करायचा आणि वर म्हणायचं ग्रीन?

कर्वेरोडकर
परवा पुण्यात कोथरूडला आमच्या सोसायटीची पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा झाली. इमारत १९८६ची, तळमजला अधिक तीन, २४ सदनिका. बिल्डरच्या माणसाने पडद्यावर हिरवी पानं दाखवली आणि सांगितलं, की पाडकामाचा राडारोडा शंभर टक्के रिसायकल होणार, म्हणजे प्रकल्प पर्यावरणपूरक. टाळ्या पडल्या. चहा आला.

मी घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. नवीन बांधकाम साधारण ६०,००० चौरस फूट. साइटवरचा जुना ठोकताळा चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलो सळई. म्हणजे २४,००० गोणी, १,२०० टन सिमेंट, २४० टन लोखंड. सिमेंटच्या टनामागे ०.६ टन कार्बन डायऑक्साइड धरा, पोलादाच्या टनामागे दोन-सव्वादोन. बेरीज साडेबाराशे टनांच्या आसपास जाते.

आता राडारोडा. जुन्या इमारतीतून दीड-दोन हजार टन निघेल. तो दळून खडी केली, तर तेवढी खडी खाणीत फोडावी लागणार नाही. पण खडी फोडायला टनामागे जेमतेम काही किलो कार्बन लागतो. दहा-वीस टन वाचले तरी खूप झालं. एकीकडे साडेबाराशे, दुसरीकडे वीस. डोंगर वाचतो, नदीपात्रात भराव पडत नाही, हे मला मान्य आहे आणि ते कामही मोठं आहे. पण त्याला हवामानाचं काम म्हणू नका. आमच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत दुरुस्तीने टिकेल असं लिहिलंय. ती उभी ठेवणं, आहे तेच वापरत राहणं, हीच खरी चक्रीय अर्थव्यवस्था, असं माझं मत.

साइटवरचा
हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धवट. २४ घरांच्या जागी ४८ होणार ना? ती जास्तीची २४ कुटुंबं तुमच्याकडे आली नाहीत, तर हिंजवडीच्या पुढे कुठेतरी शेतजमिनीवर टॉवरमध्ये जाणार. तिथेही तेवढंच सिमेंट लागणार, वर नवा रस्ता, नवी जलवाहिनी आणि रोजचं तासभर पेट्रोल. साडेबाराशेतले निम्मे टन तुमच्या पुनर्विकासाच्या नावावर टाकताच येत नाहीत.

दुसरं, १९८६च्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारलंत का?

कर्वेरोडकर
लिफ्टचं बरोबर आहे. तिसऱ्या मजल्यावर मीच राहतो, आजी माझीच. निम्मा हिशेब मागे घेतो. उरलेले सव्वासहाशे तरी राडारोड्याच्या वीस टनांनी फिटतात का, एवढंच सांगा.

बारा_बाय_दहा
"दुरुस्त करून राहा" हे सल्ले नेहमी दोन बेडरूमवाले देतात. माझे मामा वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत सात माणसं राहिले. इमारती १९२०च्या दशकातल्या, संडास सामायिक. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांना कार्बनचा हिशेब सांगायची हिंमत करा.

निवृत्त_डिझायनर
त्यांना कोणी सांगत नाहीये. धागा कोथरूडच्या धडधाकट इमारतीबद्दल आहे. शंभर वर्षांची चाळ आणि चाळीस वर्षांची सोसायटी एका तागडीत घालू नका.

आता तांत्रिक मुद्दा, जो सहसा कोणी बोलत नाही. काँक्रीट दळून केलेल्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो. ती पाणी पिते. काँक्रीट घट्ट होतं, मग साइटवर कोणीतरी पाणी मारतं, ताकद घटते आणि ती भरून काढायला सिमेंट वाढवतात. म्हणजे खडी वाचली आणि कार्बन वाढला! खडी-वाळूच्या भारतीय मानकात, आयएस ३८३च्या २०१६च्या आवृत्तीत, म्हणूनच मर्यादा आहे: सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ या ताकदीच्या श्रेणीपर्यंत २० टक्के, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्के. पायाखालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटच्या थरात (साइटवर त्याला पीसीसी म्हणतात), म्हणजे एम-१५च्या खाली, शंभर टक्के चालते. पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याखालचा भराव, हीच तिची खरी जागा.

कार्बन कमी करायचा तर क्लिंकरला हात घाला, म्हणजे चुनखडी भाजून केलेल्या, सिमेंटच्या मुख्य घटकाला. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या निम्म्याहून जास्त उत्सर्जन हेच, भट्टी सौरऊर्जेवर चालवलीत तरी जात नाही.

साइटवरचा
क्लिंकर कमी म्हणजे पीपीसी, वीजकेंद्राची राख मिसळलेलं सिमेंट. आम्ही प्लास्टरला, वीटकामाला तेच वापरतो. स्लॅबला मागितलं की मालक विचारतो, "शटरिंग कधी सुटणार?" राखेच्या सिमेंटची ताकद सुरुवातीला सावकाश चढते. स्लॅबचं चक्र सात दिवसांचं, बँकेचं व्याज रोजचं. शिवाय कोळशाची वीज बंद करा म्हणताय ना? मग राख कुठून आणणार? कोराडी आणि चंद्रपूर बंद झाल्यावर?

निवृत्त_डिझायनर
त्याचं उत्तर आहे. भाजलेली चिकणमाती, चुनखडीची पूड आणि निम्मं क्लिंकर. स्वित्झर्लंडच्या लोझानमधली संस्था आणि आपल्या आयआयटींनी मिळून यावर काम केलं. माती ७००-८५० अंशांवर भाजते, क्लिंकरला १,४५० लागतात. उत्सर्जन ३०-४० टक्क्यांनी घटतं. भारतीय मानक २०२३मध्ये आलं, आयएस १८१८९. दुकानात जाऊन मागा, दुकानदार तुमच्याकडे बघत राहील, हा भाग वेगळा.

जालन्याची_भट्टी
सगळे सिमेंटवर तुटून पडलेत. लोखंडाकडे या. आमच्या जालन्यात भंगार वितळवून सळई होते, कित्येक वर्षांपासून. हा 'चक्रीय' शब्द यायच्या आधीपासून. तुमची इमारत पाडली की तिची सळई भंगारवाल्याकडून कुठे जाते असं वाटतं? आणि तुमचेच आरसीसी कन्सल्टंट निविदेत लिहितात, "फक्त प्रायमरी स्टील," म्हणजे भंगाराचं नको, खनिजापासून केलेलंच.

निवृत्त_डिझायनर
लिहितो, मीही लिहायचो. कारण भट्टीत नुसतं भंगार जात नाही, खनिजापासून कोळशावर केलेलं कच्चं लोखंड, स्पंज आयर्नही जातं, आणि वीजही बहुतेक कोळशाचीच. मग कार्बनचं गणित तुम्ही म्हणता तेवढं गोड राहत नाही. आणि भंगारात कुठून काय मिसळलंय, हे प्रत्येक लॉटला तपासणारे किती?

जालन्याची_भट्टी
तपासणारे आहेत. टेस्ट सर्टिफिकेट मागणारे कमी आहेत.

पाडकाम_कंत्राटी
सगळं वाचलं. मी पाडतो, म्हणून दोन शब्द.

आमच्या धंद्यात राडारोडा सगळ्यात शेवटी येतो. आधी दारं-खिडक्या, ग्रील, मग कडाप्प्याचे ओटे, शहाबादी फरशी, नळ, वायरीतलं तांबं, मग सळई. आमचा भाव त्यावर ठरतो. वाड्यात तर सोनंच असायचं. सागवानी खण, तुळया, आणि वीट चुन्यात नाहीतर मातीत लावलेली, म्हणून हातोडीच्या टिचकीने सुटायची आणि पुन्हा विकली जायची. सिमेंटच्या मसाल्यातली वीट सुटत नाही, फुटते. आता तर मायवान शटरिंगमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत, भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. त्या इमारती पाडायची वेळ येईल तेव्हा नुसती पोकलेन आणि धूळ.

साहेब, नीट सोडवायला वेळ लागतो आणि वेळ कोणी देत नाही. २४ सभासदांचं भाडं बिल्डर भरतो. खोल्या रिकाम्या झाल्या की त्याचं मीटर चालू. मला तीस दिवस मिळतात, आठव्या दिवशी फोन, "पोकलेन कधी लावताय?" मग टाइल्स, पीओपी, प्लास्टर, विटा सगळं एक होतं. तसला माल रिसायकलिंगच्या प्रकल्पावर नेला तरी तिथे चांगली खडी निघत नाही. आणि तो वाघोलीला न्यायचा तर शंभराच्या वर हायवा डंपर, शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. म्हणून रात्री ओढ्यात पडतो. मी टाकत नाही. टाकणारे माहीत आहेत.

साइटवरचा
नवे नियम आलेत ना. राडारोडा करणाऱ्यावरच त्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी वगैरे, १ एप्रिल २०२६पासून.

कर्वेरोडकर
ती जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रकल्पांना. आमचा साडेपाच हजारांचा. आसपासच्या गल्लीत पुनर्विकासाचे बोर्ड मोजा, बहुतेक सगळे आमच्याच मापाचे. म्हणजे चाळणीची भोकंच तेवढी मोठी ठेवली आहेत.

मत थोडं बदललं, कबूल करतो. सभासद पाडणारच, सभेचा रंग दिसला. मग करारात तीन गोष्टी घालायचा प्रयत्न करतो. पायाच्या आणि तळघराच्या कामाला, जिथे घाई कमी, तिथे राखेचं किंवा स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) सिमेंट. पीसीसी आणि आवारातले पेव्हर दळलेल्या मालाचे. आणि पाडकामाला पंधरा दिवस जास्त. त्या पंधरा दिवसांचं भाडं सभासदांनी सोडायचं.

बारा_बाय_दहा
भाडं सोडायचं? सभेत हे बोलून बघा. व्हिडिओ टाका.

कर्वेरोडकर
माझं आणि आजीचं धरून एक घर झालं. तेवीस बाकी.

पाडकाम_कंत्राटी
पंधरा दिवस मिळाले तर तुमच्या इमारतीचा जास्त भाव देतो, ते भाड्यात वळते करा, मग लोक ऐकतील. पार्किंगमधली शहाबादी दीड इंची आहे की दोन? फोटो टाका.